तोतलाडोहातील मासेमारीविषयी थोडे सविस्तर

नागपूरकरांच्या नळाला येणारे बरेचसे पाणी पेंच नदीचे आहे आणि ती नदी आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाघाच्या जंगलातून वाहते. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवर तोतलाडोहाचे धरण झाले, खोऱ्यात मोठा जलाशय पसरला आणि त्याच्या दोन्ही काठांना राष्ट्रीय उद्यान आहे. येथील मासेमारीचा विषय निघाला की आमच्याकडे एक तर सगळ्याच मासेमारांना शिकारी ठरवले जाते, नाही तर ‘मासा म्हणजे काही वाघ नव्हे’ असे म्हणून विषय संपवला जातो. मला ही दोन्ही मते अन्यायाची वाटतात.

शिकारीच्या बाबतीत माझ्या मनात कोणताही संदेह नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. फास लावणे, आमिष ठेवणे, विष घालणे, हाका करून जनावर उठवणे हेही शिकारच आहे. मासेमारीकडे मात्र आपल्याच कायद्यांनी वेगळ्या नजरेने पाहिले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने पाण्यातील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य होण्याची वाट ठेवली आणि त्याच कलमात परंपरागत शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे, आणि जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्या आपण सर्वांनी तो आधी समजून घेतला पाहिजे.

तोतलाडोहाचा प्रश्न 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रदेशाने उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मासेमारीचे 305 परवाने दिले होते आणि एका पर्यावरणवादी संस्थेने त्यांना आव्हान दिले होते. न्यायालयाने परवाने सरसकट रद्द केले नाहीत. परवानाधारकाजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असावे, त्याने उद्यानाच्या इतर भागांत जाऊ नये, काठावर चूल पेटवू नये, कचरा टाकू नये आणि रोज किती मासळी निघाली याची नोंद व्हावी, अशा अटी घातल्या. मला हा निकाल आजही शहाणपणाचा वाटतो, कारण जंगलाचे खरे नुकसान कशाने होते हे त्या अटी लिहिणाऱ्यांनी नेमके ओळखले होते.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या फेरीत या जलाशयाच्या काठी मी थांबलो होतो. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडांना नायलॉनचे फाटके जाळे अडकले होते आणि त्यात गुंतून एक कासव मेलेले होते. रात्री चोरून टाकलेले जाळे पहाटे गस्तीची चाहूल लागताच तिथेच सोडून दिले जाते आणि मग ते मालकाविना मारत राहते. पाणमांजर त्यात अडकले तर श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरते. उलट ज्या परवानाधारकाच्या जाळ्यावर त्याचा क्रमांक आहे, ज्याची मासळी ठरलेल्या जागी मोजली जाते, त्याला जाळे टाकून पळण्याचे कारण नसते. शिवाय बाहेरून येणाऱ्या टोळ्यांवर नजर ठेवण्यात त्याचाच लाभ असतो. कागदावर संपूर्ण बंदी आणि पाण्यात रात्रीची जाळी, ही स्थिती वाघाच्या हिताची नाही, ढिवराच्या, म्हणजे परंपरेने मासेमारी करणाऱ्याच्या, हिताची नाही, आणि काठी घेऊन गस्त घालणाऱ्या वनरक्षकाच्या तर मुळीच नाही.

याचा अर्थ गाभा क्षेत्रातील पाणी खुले करावे असा नाही. उन्हाळ्यात जंगलातील बहुतेक ओढे आटतात, प्राण्यांना याच काठाशिवाय आधार राहत नाही, आणि त्या महिन्यांत तिथे माणसाने मुळीच जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. परंतु मासेमारी कायमची बंद करायची असेल, तर आधी त्या काठच्या गावांतील कुटुंबांचे वनहक्काचे दावे ग्रामसभेत ऐकून त्यांवर लेखी निर्णय द्यायला हवा. आणि तो नकाराचा असेल, तर उद्यानाबाहेरचे जे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेले गावतलाव, गाळाने भरून गेले आहेत, त्यांतील गाळ काढून, त्यांत मत्स्यबीज सोडून, त्यांचा ठेका याच कुटुंबांच्या संस्थांना आधी मिळाला पाहिजे, आणि तोतलाडोहातील शेवटचे जाळे त्यानंतर उचलले गेले पाहिजे.