खुलासा : ते ६० कोटी डॉलर संशोधनासाठी नव्हते
‘ब्लूमबर्गनी कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय कॉलेजांना संशोधनासाठी ६० कोटी डॉलर दिले, आता सरकारी अनुदान कशाला?’ हा अमेरिकी अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्याबद्दलचा फॉरवर्ड चुकीचा आहे. २०२४ची ती देणगी तिथल्या चार कॉलेजांच्या कायमस्वरूपी निधीसाठी होती : हॉवर्ड, मेहॅरी, मोरहाउसला प्रत्येकी १७.५ कोटी, चार्ल्स ड्रूला ७.५ कोटी. म्हणजे मुद्दल राखायचं, उत्पन्न वापरायचं. आपल्या एफडीसारखंच म्हणा ना.

संशोधनाचा मोठा पैसा एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेकडे प्रस्ताव पाठवून, स्पर्धेतूनच मिळतो. तिथे नुसती हुशारी पुरत नाही. बजेट बसवणारा, नैतिक समितीची मंजुरी आणणारा, मिळालेल्या डॉलरचा हिशेब देणारा माणूस लागतो. शिकवण्यातच दिवस संपणाऱ्या प्राध्यापकाने हे कधी करायचं? अशा संस्थांची प्रयोगशाळा-मनुष्यबळाची घडी बसवायला एनआयएचची ‘आरसीएमआय’ (अल्पसंख्याकांच्या संस्थांमधली संशोधन केंद्रं) योजना १९८५पासून आहे.