प्रयोगशाळेला काय विचारू नये

आंबा, व्हॅनिला कस्टर्ड की दालचिनी, एवढं तुमचं ठरलंय. बाटलीवरचं चित्रही झकास जमलंय. आता तुमच्या ई-सिगरेटला कमी आहे ती फक्त ‘फुप्फुसांना सुरक्षित’ या दोन शब्दांची, आणि ते पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून आले पाहिजेत. त्यासाठी मालात काही बदलावं लागत नाही. प्रश्न तेवढा नीट निवडावा लागतो.

सगळ्यात आधी, श्वासाचा विषय काढूच नका, खाण्याचा काढा. अमेरिकेत खाद्यपदार्थांत घालायला ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ मानलेल्या घटकांची लांबलचक यादी आहे. तुमचे बहुतेक स्वाद त्यात सापडतील. स्वाद बनवणाऱ्या कंपन्यांची तिथली संघटना स्वतःच बजावते की ही मान्यता खाण्यापुरती आहे, ओढण्यासाठी नाही. बजावू दे की. गिऱ्हाईक संघटनेची निवेदनं वाचत बसत नाही. तरीही एखादा चिकित्सक भेटलाच, तर त्याला स्वयंपाकघराकडे फिरकू देऊ नका. रोज आवडीनं मिरची खाणारं अख्खं घर मिरचीची फोडणी करपली की खोकत अंगणात पळतं, हे त्याला नेमकं तिथंच आठवायचं.

अंगणात पळता न आलेली माणसंही आहेत. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॅस्पर नावाच्या गावी पॉपकॉर्नचा कारखाना होता. तिथं लोण्याची चव यायची ती डायअ‍ॅसिटिल या रसायनामुळे. खायला अगदी निर्धोक. २००० साली त्या कारखान्यातल्या ८ माजी कामगारांना फुप्फुसांचा एक दुर्मीळ आजार जडल्याचं उघड झालं. त्यात बारीक श्वासनलिका व्रण धरून आखडतात आणि पुन्हा मोकळ्या होत नाहीत. काहींची नावं फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत गेली. पॉपकॉर्न खाऊन नव्हे, लोण्याच्या त्या वाफेत उभं राहून काम केल्यामुळे. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगरेटचे ५१ फ्लेवर तपासले, तर ३९ मध्ये हेच डायअ‍ॅसिटिल निघालं. यावर तुमच्यासाठी तोडगा तयार आहे. डायअ‍ॅसिटिल काढून टाका, ‘डायअ‍ॅसिटिल-मुक्त’ असं ठळक छापा आणि त्याचा सख्खा चुलतभाऊ पेंटेनडायोन घाला. चव जवळपास तीच. प्रयोगातल्या उंदरांच्या श्वासनलिका त्यानंही खराब झाल्या, पण उंदरांना कुठे लेबल वाचता येतं?

तपासायला देताना बाटलीत काय ओतलं त्याची यादी द्या. ओतल्यानंतर बाटलीत काय घडलं, हे विचारू नका. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हा आगाऊपणा केला. व्हॅनिला आणि दालचिनीच्या चवीची रसायनं प्रॉपिलीन ग्लायकॉलशी, म्हणजे ज्या द्रवात स्वाद विरघळवतात त्याच्याशी, आपणहून संयोग पावतात, अगदी खोलीच्या तापमानाला, असं त्यांना आढळलं. जी नवी संयुगं तयार होतात ती श्वासमार्गातल्या जळजळ ओळखणाऱ्या संवेदकांना मूळ रसायनापेक्षा जास्त डिवचतात. यादीत त्यांचं नावच नाही, मग तपासणार कोण?

आता यंत्र. ई-सिगरेट ओढणारं यंत्र ही फार गुणी चीज आहे. प्रमाणित पद्धतीनुसार ते दर ३० सेकंदांनी एक झुरका घेतं, ३ सेकंदांचा, ५५ मिलिलिटरचा. त्याला परीक्षेचं टेन्शन येत नाही, वर्गाबाहेर मित्रांसोबत चढाओढीनं झुरके मारायची हौस येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला खोकला येत नाही. वाफ किती गरम करायची हे बटण मात्र आपल्याच माणसाच्या हाती असू द्या. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या चमूनं २०१५ मध्ये ३.३ व्होल्टवर वाफ तपासली तर कर्करोगकारक फॉर्माल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर सापडली. टीकाकार म्हणाले, एवढ्या तापमानाला चव इतकी करपट होते की माणूस ती ओढणारच नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, आणि तुमच्या फार कामाचा आहे. घरी जाऊन गिऱ्हाईक बटण कुठवर फिरवतं, हा त्याचा खासगी मामला.

माणसाच्या पेशींवर प्रयोग करायची वेळ आलीच, तर दालचिनीचा फ्लेवर मागे ठेवा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात श्वासनलिकेच्या पेशींवर दालचिनीचं रसायन टाकून पाहिलं, तर कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावली. ताज्या चवीच्या जाहिरातीत कफ बरा दिसत नाही.

एवढं करूनही निकाल मनासारखा आला नाही, तर तुलनेला घ्या. सिगरेटच्या शेजारी उभं केलं की काहीही सोज्वळ दिसतं. सिगरेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल याहून जास्त असतं, हे खरंच आहे, बिनधास्त सांगा. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं २०१५ मध्ये ‘ई-सिगरेट ९५ टक्के कमी घातक’ असं सांगितलं, आणि तो आकडा जगभर फिरला. आकडा आला कुठून? २०१३ मध्ये लंडनला १२ तज्ज्ञ एकत्र बसले आणि निरनिराळ्या उत्पादनांच्या घातकतेला त्यांनी अंदाजानं गुण दिले. परीक्षानळी कुणी हातात धरली नव्हती. वीस वर्षं सिगरेट फुंकणाऱ्यानं ती सोडून ई-सिगरेट धरली तर त्याचा फायदा होण्याची शक्यता आहे, हे मी नाकारत नाही. पण आंबा फ्लेवरच्या बाटलीवरचं ते कार्टून त्या पन्नाशीच्या काकांसाठी काढलेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

छापून आणायची चिंता नको. ई-सिगरेट बनवणाऱ्या जूल कंपनीनं २०२१ मध्ये एका आरोग्यविषयक नियतकालिकाचा अख्खा अंकच ५१ हजार डॉलर मोजून घेतला. त्यात ११ शोधनिबंध, सगळे त्यांच्याच उत्पादनांवर. दिवाळी अंकात जाहिरात देणाऱ्या आपल्या कारखानदारांना हे कधी सुचलं नाही.

भारतात दुकान थाटायचा मोह मात्र आवरा. इथं २०१९ च्या कायद्यानं बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. टपरीमागे ‘मिळेल’ असं कुजबुजणाऱ्याकडे प्रयोगशाळेचा दाखला कुणी मागत नाही, त्यामुळे तुमच्या कौशल्याला तिथं वावही नाही.

दीर्घकालीन परिणामांचं विचाराल, तर प्राण्यांवरच्या नेहमीच्या चाचण्या ९० दिवसांच्या असतात आणि फुप्फुसाचे आजार वीस-तीस वर्षं सावकाश येतात. मधला काळ तुमचा. केंट सिगरेटनं १९५२ मध्ये आरोग्यरक्षक म्हणून खास फिल्टर आणला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं, फुप्फुसांना कर्करोग करणारं. १९५६ मध्ये ते काढलं. फिल्टर नव्या घटकांचा झाला, नाव तेच राहिलं, विक्री चालू राहिली. तुम्हीही तेच करा. व्हॅनिला कस्टर्डवर कुणी बोट ठेवायला लागलं की ती बाटली बंद करून फणस आणा. फणसाविरुद्ध अजून एकही पुरावा नाही, कारण तो अजून कुणी तपासलेलाच नाही.