परत तेच रॅमपुराण!

नवीन पीसी जोडायचा म्हटलं की कोणीतरी टपकणारच, "अरे ६००० स्पीडची डीडीआर५ रॅम कशाला, ७२०० ची घे ना, मशीन उडेल नुसतं"... काय उडेल?? ६००० सीएल३० घे नाहीतर ७२०० सीएल३६ (सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक सायकल घेते), हिशोब केला तर दोन्हीकडे थांबायचे १० नॅनोसेकंदच येतात, आधीच्या पिढीची डीडीआर४ ३२०० सीएल१६ पण तिथेच, बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, वाढते मान्य, पण ४के वर गेम लावला की सगळा भार ग्राफिक्स कार्डवर, तिथे रॅम काय दिवे लावणार! हां, वेगळं कार्डच नसेल, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर खरंच फरक पडतो. पण हे पाजळणारे लोक बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर स्पीडवर चालवणारी सेटिंग, सुद्धा चालू करत नाहीत, महागडी किट ४८०० च्या स्पीडवर रांगत असते आणि वर आम्हालाच शिकवतात.