व्यसनमुक्तीला गेलं की पोलीस केस? खुलासा

पालकांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतोय: ‘मुलगा गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेत असेल तर व्यसनमुक्ती केंद्रात नेऊ नका, नाव पोलिसांत जातं, करिअर संपतं.’ हे चुकीचं आहे, आणि घातकही.

अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) १९८५ चा. त्याचं कलम ६४अ नेमकं उलट सांगतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

अल्प प्रमाण म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, एमडी फक्त २ ग्रॅम. स्वतः व्यसनी नसलेल्या विक्रेत्याला ही सवलत नाही. आणि मुळात ज्याच्यावर गुन्हाच नोंदलेला नाही, तो मुलगा डॉक्टरांकडे जातो तो रुग्ण म्हणूनच. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार त्याची माहिती गोपनीय ठेवावी लागते.

शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, निःशुल्क.