टिंफला 'खोटं नाणं' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर, माझ्या टिंफच्या फोटोवरची तुमची कमेंट वाचली. (इतरांसाठी: टिंफ म्हणजे सतराव्या शतकातलं पोलंडचं नाणं.) तुमचं म्हणणं असं की टिंफमध्ये निम्मं तांबं असतं, मग त्याला चांदीचं नाणं म्हणणं ही फसवणूक आहे, आणि असलं परदेशी खोटं नाणं घेण्यापेक्षा मी शिवराई जमवावी. शिवराई माझ्याकडे आहेत हो, पण त्या तर अख्ख्या तांब्याच्या!

निम्मं तांबं हे खरंय. साधारण पावणेसात ग्रॅमचं नाणं, त्यात चांदी जेमतेम 3.3 ग्रॅम. वर छापलंय 30 ग्रोशी (पोलंडचं तेव्हाचं छोटं चलन) आणि आतल्या चांदीची किंमत त्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण हे लपवून कोणी केलेलं नाही ना, तीच तर गंमत आहे. 1655 पासून स्वीडनने पोलंड पार धुऊन काढला, तिकडे रशियाशी लढाई चालूच, खजिन्यात खडखडाट, आणि पगार थकले म्हणून सैन्यानेच बंड केलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग 1663 मध्ये राजा यान काझिमिएशच्या काळात हे नाणं पाडायला घेतलं, टांकसाळीचा ठेका आंद्रेयास टिंफकडे म्हणून लोकांनी त्याचंच नाव नाण्याला देऊन टाकलं. आणि नाण्यावर लॅटिनमध्ये काय लिहिलं, तर देश वाचला हीच याची किंमत, ती धातूपेक्षा मोठी आहे. म्हणजे चांदी कमी आहे हे सरकार स्वतःच नाण्यावर सांगतंय! मला तरी असं दुसरं नाणं माहीत नाही.

लोकांनी अर्थातच ऐकलं नाही. जुनी चांगली नाणी घरात दडवली, टिंफ बाजारात फिरवले, महागाई भडकली. खराब नाणं चांगल्याला हाकलतं हे कोपर्निकसने (हो, तोच सूर्यवाला) पोलंडच्याच राजासाठी 1526 च्या आसपास लिहून ठेवलं होतं, पण वेळ आली की कोण वाचतं. राजाच्या नावाची ICR (Ioannes Casimirus Rex, म्हणजे राजा यान काझिमिएश) ही अक्षरं नाण्यावर मोठी कोरलेली, लोक त्याचा अर्थ लावायचे Initium Calamitatis Regni, म्हणजे 'राज्याच्या संकटाची सुरुवात' 😄

फोटोत नाणं वाकडंतिकडं दिसतंय म्हणून नकली वाटतंय असंही तुम्ही लिहिलंय. टिंफ घाईत पाडलेले, ठसा सरकलेला, अक्षरं अर्धवट असणं नेहमीचंच. उलट अगदी गुळगुळीत गोल दिसला तर मीच आधी वजन करून बघतो.

जास्त चांदीचाच आग्रह असेल तर पोलंडचाच आधीचा राजा स्टेफान बाथोरी याच्या 1580 च्या नाणेसुधारणेनंतरचे त्रोयाक (3 ग्रोशींची नाणी) बघा, 84 टक्के चांदी, वजन 2.44 ग्रॅम, आणि कोरीवकाम तर विचारूच नका. माझ्याकडे दोन आहेत, फोटो टाकतो.