प्रिंटएफ पुरेसं आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोर्डवर (छोट्या संगणकावर) चालणारा प्रोग्राम लॅपटॉपवरच्या जीडीबी या डीबगरने, म्हणजे प्रोग्राम थांबवून आतून तपासायच्या साधनाने, कसा तपासायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुद्दे पाच: जीडीबी-सर्व्हरचा (बोर्डवर चालून जीडीबीशी बोलणाऱ्या प्रोग्रामचा) खटाटोप नवशिक्यांच्या गळ्यात मारू नये, चार प्रिंटएफ (स्क्रीनवर काहीतरी छापणाऱ्या ओळी) टाकले की भागतं, मंगळावरचं पाथफाइंडर यानही नोंदी वाचूनच दुरुस्त झालं, तुम्ही करून पाहिलं तेव्हा बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) नुसती प्रश्नचिन्हं दिसली, आणि मी दिलेली आज्ञा असुरक्षित आहे.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तिथे चूक माझी आहे. जीडीबी-सर्व्हर पासवर्ड मागत नाही. पोर्ट उघडं राहिलं तर नेटवर्कवरचा कोणीही जोडला जाऊन त्या प्रोग्रामच्या मेमरीत हवं ते लिहू शकतो. हे मी लिहायलाच हवं होतं. आता लेखात एसएसएचमधूनच (सुरक्षित जोडणीतूनच) जीडीबी-सर्व्हर सुरू करायची पद्धत दिली आहे. तिच्यात पोर्ट उघडावंच लागत नाही. मनापासून आभार.

पाथफाइंडरचं मात्र अर्धंच सांगितलंत. १९९७ साली ते यान मंगळावर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाचं कमी अग्रक्रमाचं काम म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून बसायचं आणि त्याच्यासाठी वरच्या अग्रक्रमाचं काम ताटकळायचं. हे नोंदींतून कळलं, कबूल. पण त्या नोंदी मिळाल्या पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत, यानाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर. आपल्याकडे प्रतिकृती कुठे असते? लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६, बोर्डचा एआरएम. चूक बोर्डवर होते, लॅपटॉपवर होतच नाही.

माझाच अनुभव सांगतो. फाइल एकेक अक्षर वाचणारं लूप लॅपटॉपवर नीट थांबायचं, बोर्डवर थांबायचंच नाही. मी प्रिंटएफ टाकले, वाचलेली अक्षरं छापली, फाइलवरच संशय घेतला. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी लूपमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावून चल तपासला: बोर्डवर २५५, लॅपटॉपवर उणे १. एआरएम लिनक्सवर साधा ‘कॅर’ (अक्षर साठवायचा प्रकार) बिनचिन्हाचा असतो, एक्स८६वर चिन्हासह. ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, असते उणे १, आणि २५५ कधीच उणे १ होत नाही. चल ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारचा केला, प्रश्न मिटला. प्रिंटएफनेही आकडा छापता आला असता, पण त्यासाठी संशय आधी यायला हवा होता. काय छापायचं ते आधी ठरवून, पुन्हा कंपाइल करून, पुन्हा बोर्डवर पाठवावं लागतं. डीबगरमध्ये प्रश्न तिथल्या तिथे सुचतो आणि तिथेच विचारता येतो, म्हणून मी नवशिक्यांना तो शिकवायचा आग्रह धरतो. थ्रेडची शर्यत (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची वेळेवरून टक्कर) असेल किंवा चालू यंत्र थांबवणं परवडणार नसेल, तर नोंदीच बऱ्या. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

आता प्रश्नचिन्हं. बहुधा तुमचा जीडीबी बोर्डच्या सी लायब्ररीऐवजी लॅपटॉपवरचीच लायब्ररी वाचत होता. बोर्डवरच्या ‘लिब’ आणि ‘यूएसआर/लिब’ या फोल्डरांची प्रत लॅपटॉपवर घ्या आणि जोडण्याआधी ‘सेट सिसरूट’ने तिचा पत्ता द्या. डेबियन-उबुंटूवर असाल तर साध्या जीडीबीऐवजी जीडीबी-मल्टिआर्च वापरा. बोर्डवर स्ट्रिप केलेली (डीबगची माहिती काढून टाकलेली) फाइल चालेल, पण लॅपटॉपवरची स्ट्रिप न केलेली फाइल त्याच बिल्डमधली हवी. मध्ये एकदा जरी पुन्हा कंपाइल केलंत, तरी ओळी चुकीच्या दिसू लागतात.

एवढं करूनही प्रश्नचिन्हंच आली, तर ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ या जीडीबीच्या आज्ञेचं आउटपुट जसंच्या तसं इथे टाका. आपण मिळून बघू.