उकिडवे बसण्याचे कारण

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर सुपारी कातरता कातरता माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या मुलाला विचारले, "अरे, ती तुझी जपानी चित्रांची पुस्तकं होती ना, मरणाच्या वहीची? त्याचा सिनेमा पाहिला मी परवा. शेवटपर्यंत बघवला नाही रे. यापायी नववीचं अख्खं वर्ष घालवलंस होय?" मुलगा नुसता हसला आणि ताटे उचलायला लागला. तो आता बंगळुरूला नोकरी करतो, चार दिवसांसाठी घरी आला आहे आणि काकांशी वाद घालण्यात त्याला रस उरलेला नाही. मला मात्र आहे. तेव्हा माझे हात खरकटे होते आणि घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. आता पाहुणे गेले आहेत आणि ओटाही पुसून झाला आहे.

ही 'मरणाची वही' म्हणजे 'डेथ नोट'. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००३ ते २००६ या काळात जपानमधल्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात क्रमशः आली आणि तिचे बारा खंड झाले. चिरंजीवांनी खाऊचे पैसे साठवून ते बाराही खंड एकेक करून जमवले होते. ज्याचे नाव लिहाल तो माणूस मरतो अशी एक वही शाळकरी मुलाला सापडते, एवढा मजकूर मलपृष्ठावर वाचून मी धास्तावले आणि आईचे कर्तव्य म्हणून पहिला खंड तपासायला घेतला. नेहमीच्या सवयीने डावीकडून उघडला, तर पहिल्याच पानावर 'तुम्ही उलट्या दिशेने वाचत आहात' अशी तंबी छापलेली होती. मुलगा पोट धरून हसला. त्यानंतरच्या नऊ दिवसांत मी बारा खंड वाचून संपवले आणि त्या नऊ दिवसांत दोनदा वरण करपले.

त्यात त्या वहीवाल्या मुलाच्या मागावर असलेला एल नावाचा एक गुप्तहेर आहे. तो अनवाणी असतो, फोन दोन बोटांच्या चिमटीत मेलेल्या उंदरासारखा लोंबता धरतो, गोडाखेरीज काही खाताना दिसत नाही आणि खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन उकिडवा बसतो. चारचौघांसारखे बसलो तर आपली विचारशक्ती चाळीस टक्क्यांनी घटते, असे त्याचे म्हणणे आहे. ते वाचल्यापासून आमचे चिरंजीव भूमितीही उकिडवे बसूनच सोडवू लागले. सासूबाई तेव्हा होत्या. त्या दर संध्याकाळी "अरे, माणसासारखा बस" म्हणायच्या आणि हा त्यांना चाळीस टक्क्यांचा हिशेब समजावून सांगायचा.

मग २५ ऑगस्ट २०१७ उजाडला. शुक्रवार होता आणि नेमकी गणेश चतुर्थी होती. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर ॲडम विंगार्ड यांनी दिग्दर्शित केलेला इंग्रजी 'डेथ नोट' येणार होता आणि मुलाने ती तारीख महिनाभर आधीच कॅलेंडरवर गणपतीच्या चित्राशेजारी पेनाने गोल करून ठेवली होती. रात्रीची आरती झाली, मंडळी पांगली, आम्ही दोघांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. तो खुर्चीवर पाय वर घेऊन, अगदी एलसारखा बसला. दोन बोटांच्या चिमटीत उकडीचा मोदक धरला, तो कळीपाशीच फुटला, सारण विजारीवर सांडले, पण बैठक काही मोडली नाही.

सिनेमा सिएटलमध्ये घडतो. वही सापडलेल्या लाइट यागामीचा इथे लाइट टर्नर झालेला आहे. हरकत नाही, वही कुठल्याही गावात पडू शकते. मूळ कथेत त्या वहीचा मालक मृत्युदेव समोर उभा राहिल्यावर लाइट क्षणभर दचकतो आणि लगेच सावरून, मी तुझी वाटच पाहत होतो, असे त्याला शांतपणे सांगतो. त्या एका वाक्यात हा मुलगा किती भयंकर आहे ते कळते. सिनेमातला लाइट वर्गात किंचाळत सुटतो आणि पुढे वर्गातल्या एका मुलीवर छाप पाडायला तिला वहीचे गुपित सांगून मोकळा होतो. अखेरीकडे एल हातात पिस्तूल घेऊन रस्त्यातून लाइटच्या मागे धावू लागला, तेव्हा माझ्या मुलाने एकही शब्द न बोलता खुर्चीवरून पाय खाली सोडले.

भाऊजी, तुम्ही पाहिलात तो सिनेमा हा. त्यावरून तुम्ही त्या बारा खंडांना निकालात काढलेत, आणि माझा राग आहे तो इथे. सिनेमे वाईट निघतातच. मराठीतही ढिगाने निघतात. परंतु अशा सिनेमाने होणारे नुकसान एका वाया गेलेल्या संध्याकाळीपुरते राहत नाही. ज्यांनी मूळ कधी हातात धरलेले नाही अशा हजारो घरांत, 'ते हेच' म्हणून तो जाऊन बसतो. पुढे वाचणाऱ्या पोराला प्रत्येक पंगतीत खुलासे देत बसावे लागते, आणि काही वर्षांनी ते पोर खुलासे देणेही सोडून देते आणि ताटे उचलायला लागते.

त्या सिनेमातल्या एलने उकिडवे बसून दाखवले नव्हते काय? दाखवले होते. लकीथ स्टॅनफील्ड हा नट वाईट नाही, खाऊही त्याने खाल्ला. विलेम डफो यांचा आवाजही मृत्युदेवाला शोभला, हे मी कबूल करते. परंतु हा माणूस असा का बसतो, हे तिथे कुणाला पडलेले नव्हते. तो बसतो, कारण त्याची सगळी लढाई बसून विचार करण्याची आहे. त्याला उठवून हाती पिस्तूल देणे म्हणजे पात्राचे नाव, केस आणि कपडे ठेवून घेऊन माणूस काढून टाकणे होय.

दुसऱ्या खंडात एक प्रसंग आहे. लाइट एका निरपराध बाईशी रस्त्यात गोड बोलून तिचे खरे नाव काढून घेण्याची खटपट करतो, कारण तिचे खोटे नाव लिहिले तर ती मरणार नाही. त्या बाईच्या होणाऱ्या नवऱ्याला त्याने आधीच मारलेले असते. ती पाने मी भराभर उलटत होते आणि अचानक माझ्या ध्यानात आले की, ती बाई जगते की नाही हे पाहण्यासाठी मी उलटत नाही. त्याला नाव मिळते की नाही, याची मला घाई झालेली आहे. मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. पंचेचाळिशीच्या बाईला एका चित्रांच्या पुस्तकाने स्वतःची अशी शरम वाटायला लावली. सिनेमात काय केले? अशी बरीचशी पापे त्या वर्गातल्या मुलीच्या पदरात टाकून लाइटला बिचारा करून ठेवले. मग प्रेक्षकाला शरम वाटणार कशाची?

तुम्ही म्हणाल, सिनेमा म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स नव्हे. मान्य. त्याच मांगावर जपानमध्ये शुसुके कानेको यांनी २००६ मध्ये दोन भागांत सिनेमा केला होता. तो आम्ही त्या दिवाळीच्या सुट्टीत शोधून पाहिला. त्यातला संगणकावर घडवलेला मृत्युदेव आज पाहिला तर रबरी वाटतो, आणि शेवट तर त्यांनी सरळ बदलला आहे: लाइटला हरवण्यासाठी एल त्या वहीत आधीच स्वतःचे नाव लिहून ठेवतो. मूळ पुस्तकात असे काही नाही. तरीही तो शेवट एलचाच आहे, कारण तो जागेवर बसून केलेल्या विचारातून आलेला आहे. केनिची मात्सुयामा हा नट तिथे एल झाला होता आणि अर्ध्या तासात आमच्या टेबलाशी एक जोडी पाय परत खुर्चीवर गेलेली मी पाहिली.

'ओल्डबॉय'चेही तेच. गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांच्या मांगात माणूस दहा वर्षे कोंडलेला असतो; पार्क चान-वूक यांनी २००३ च्या कोरियन सिनेमात त्याची पंधरा वर्षे केली, कोंडण्याचे कारण आमूलाग्र बदलले आणि २००४ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पारितोषिक मिळवले. म्हणजे बदलायला कुणाचीच ना नाही. बदलणाऱ्याला मूळ गोष्टीची लाज वाटत नसावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

लाज वाटते तेव्हा काय होते, याचा नमुना २००९ चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' आहे. डोंगरात आजोबांनी वाढवलेला, शेपटी असलेला भाबडा गोकू त्यांना चारचौघांत दाखवायला लाजिरवाणा वाटला असावा. म्हणून त्याला अमेरिकेतल्या हायस्कुलात नेऊन बसवले. मूळ कर्ते अकिरा तोरियामा यांनी सुचवलेल्या सुधारणा ऐकल्या गेल्या नाहीत, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले, आणि पटकथाकाराने २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. २०१७ च्याच 'घोस्ट इन द शेल'मध्ये मूळ मांगातल्या जपानी नायिकेच्या, मोतोको कुसानागीच्या, जागी स्कार्लेट जोहान्सन आली, आणि वर तिच्या आत खरे तर एका जपानी मुलीचाच मेंदू आहे असा खुलासा जोडला! (याच कथेवरच्या १९९५ च्या गाजलेल्या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांना ही निवड खटकली नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्यांचे मत त्यांच्यापाशी.)

आणि जपानी माणसाने केले म्हणजे चांगलेच होते, असेही नाही. 'अटॅक ऑन टायटन'चे २०१५ चे दोन सिनेमे तिथेच झाले आणि त्यांनीही चांगलेच दिवे लावले.

लाज न वाटल्यावर काय होते, तेही सांगते. एइइचिरो ओदा १९९७ पासून लिहीत असलेल्या 'वन पीस' या मांगावरची, खऱ्या नटांची मालिका ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आली. आपले समाधान झाल्याशिवाय ती प्रदर्शित होणार नाही, असे ओदा यांनी आधीच जाहीर केले होते. त्यात लोक एकमेकांशी गोगलगायीच्या फोनवरून बोलतात. जिवंत, डोळे वटारणारी गोगलगाय. दुसऱ्या एखाद्या निर्मात्याने पहिल्याच बैठकीत म्हटले असते की, हे मोठ्या माणसांना हास्यास्पद वाटेल, साधा वायरलेस दाखवा. इथे गोगलगाय राहिली, आणि पहिल्या भागानंतर ती कुणाला खटकली असेल असे मला वाटत नाही. पैसा अमाप होता, हे खरे; पण ड्रॅगनबॉलवाल्यांकडेही तो काही भिकेचा नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर त्याच २०१७ च्या ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' आला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या वाढलेला, मोबाइल बाळगणारा आणि वैद्यकीय परीक्षेच्या भानगडीत अडकलेला असणार, हे कळल्यावर मी नाक मुरडतच गेले होते. पण अमेय वाघने नसत्या उठाठेवीची ती खाज बरोबर पकडली आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने भागवतांनाच पडद्यावर आणले, तेव्हा माझे नाक आपोआप सरळ झाले. सायकलवरून पोरगा मोठा झाला, तरी तो तोच पोरगा होता.

इथवर लिहून मघाशी थांबले होते, कारण या विषयात एक गोष्ट अशी आहे की, तिच्यापुढे माझा राग मलाच पोरकट वाटतो. हिनाको आशिहारा नावाच्या मांगा-लेखिका होत्या. दिवसा ऑफिसात मान खाली घालून काम करणारी आणि संध्याकाळी गुपचूप बेली डान्स करणारी चाळिशीची तानाका-सान ही त्यांची नायिका. त्यावर २०२३ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत जपानी टीव्हीवर मालिका आली. मूळ कथेशी प्रामाणिक राहा, अशी त्यांची अट होती. ती पाळली जात नाही असे वाटल्यामुळे शेवटच्या दोन भागांच्या पटकथा त्यांनी स्वतः लिहिल्या. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी हे सगळे अतिशय संयमाने जाहीर मांडले. मग समाजमाध्यमांवर गदारोळ उसळला, लोक पटकथालेखिकेवर तुटून पडले. आशिहारांनी आपला मजकूर काढून टाकला, कुणावर हल्ला करण्याचा हेतू नव्हता म्हणून क्षमा मागितली, आणि काही दिवसांतच त्यांच्या मृत्यूची बातमी आली. त्यांनी मागितले होते ते एवढेच की, माझी बाई मी लिहिली तशी राहू द्या. तुटून पडलेले सगळे त्यांच्याच बाजूचे होते, हे मी विसरू शकत नाही. म्हणून वर एका दिग्दर्शकाविषयी लिहिलेली दोन वाक्ये आत्ताच पुसली.

बाकीची मात्र राहू देते.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. प्रत्येक पोस्टला सर्वांत आधी तुमचा अंगठा असतो. मघाशी मुलाच्या खोलीत डोकावले. तो लॅपटॉपवर ऑफिसचे काही करत होता, बाहेरगावी राहून बरीच शिस्त लागली आहे त्याला, पण पाय मात्र खुर्चीवर होते. मी काही बोलले नाही. पहिला खंड त्याच्या कपाटातून काढून दाराजवळच्या फळीवर ठेवला आहे, रविवारी याल तेव्हा घेऊन जा. पान चौतीसवरचा पिवळा डाग वरणाचा आहे. आणि उजवीकडून उघडा.